होजीबा लिहिणारे सोनकांबळे सर

सोनकांबळे सरांना काही सांगायचं म्हणजे आधी आपलं वाक्य तपासून घ्यावं लागे. हेडमास्तर एकदा चिडून म्हणाले, "सोनकांबळे, वर्गावर जरा लक्ष असू द्या." सर तसेच उठले, मैदानात गेले, मान वर करून चौथीच्या खोलीकडं बघत उभे राहिले आणि परत येऊन म्हणाले, "वर्गावर पत्रे आहेत सर. दोन उडायला आलेत." हेडमास्तरांना हसावं की मेमो द्यावा ते कळेना. पत्रे मात्र त्याच आठवड्यात ठोकून घेतले.

मी त्याच शाळेत तिसरीला शिकवायची. लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. रोज कुठं ना कुठं नव्या कचेरीची पाटी लागलेली असायची. नळ मात्र कोरडे. साहेब आले, जीपा आल्या, पाणी तेवढं यायचं राहिलं, असं लोक म्हणायचे. मी औशाकडच्या पाटलाची लेक, तोंडानं फटकळ, त्यामुळं स्टाफरूममध्ये माझ्या वाटेला सहसा कुणी जायचं नाही. सर जायचे. मी एखाद्याला "तुझं डोकं खाऊ नकोस माझ्यापुढं" असलं काही उलटसुलट बोलून बसले की सर शांतपणे विचारायचे, "बाई, मग कुणापुढं खाऊ द्यायचं त्याला?" आणि पुन्हा वह्या तपासायला लागायचे.

उंच, हडकुळा माणूस. सदऱ्याचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावलेलं, भर उन्हाळ्यात. कानावर पेन्सिल. ते स्वतः कधी हसायचे नाहीत, पण हसू दाबलं की कानाच्या पाळ्या हलायच्या आणि पेन्सिल खाली पडायची. पोरांना हे ठाऊक होतं. पेन्सिल पडली की सगळा वर्ग टाळ्या पिटायचा.

गाव त्यांचं भोकरजवळ. नांदेडला बोर्डिंगात राहून शिकले. वर्गात बोलायचे ते पुस्तकी मराठी, पण कुणी पोरगं रडताना दिसलं की एकदम गावाकडं जायचे: "काहून रडून राहिला रे? कुणी मारलं?" पोरगं ते ऐकूनच निम्मं गप्प व्हायचं.

एकदा आमच्या ह्यांनी बाजारात त्यांना म्हटलं, "सर, कधीतरी आमच्या घराला पाय लागू द्या." पुढच्या रविवारी सर दारात हजर. एक चप्पल काढली, एक पाय उंबऱ्याच्या आत टेकवला आणि म्हणाले, "लागला. जाऊ का आता?" मी हसून हसून बेजार. ओढूनच आत आणलं त्यांना. विनोदच होता तो. पण पाटलाच्या लेकीच्या घरात दुसरा पाय टाकायला त्यांनी माझ्या तोंडून "या" यायची वाट पाहिली होती, हे समजायला मला बराच काळ लागला. समजलं तेव्हा फार ओशाळले.

तर या माणसानं पोरांसाठी पुस्तक लिहिलं होतं, होजीबाच्या गमतींचं. होजीबा म्हणजे एका घरचा गडी. कुणी काही सांगितलं की "हो जी" म्हणायचं आणि सांगितलं असेल तेच, तेवढंच करायचं. मालकीण म्हणाली, "होजीबा, भाजी निवडून ठेव." होजीबानं सगळ्या भाज्या ओळीनं मांडल्या, घरातल्या पोरांची मतं घेतली आणि सांगितलं, "वांगं निवडून आलं जी." मालक म्हणाला, "शेतात येताना दार ओढून घे." होजीबानं दार बिजागऱ्यांसकट उपटलं आणि ओढत ओढत शेतात नेलं.

लिहिण्याची त्यांची एक रीत होती. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहायचं, शनिवारी चौथीला वाचून दाखवायचं आणि वाचताना शेवटच्या बाकाकडं बघत राहायचं. तिथलं पोरगं हसलं नाही तर कानावरची पेन्सिल काढून ते वाक्य तिथल्या तिथं खोडायचं. मी एकदा म्हटलं, "अहो, ते पोरगं मठ्ठ आहे, त्याच्यासाठी चांगलं वाक्य कशाला मारता?" तर म्हणाले, "बाई, पोर हसलं नाही तर दोष वाक्याचा. पोराचा नसतो."

सगळ्यात जास्त हशा होता दुधाच्या गोष्टीला. ती सगळ्या शाळेला पाठ होती. मालकीण चुलीवर दूध ठेवते आणि म्हणते, "होजीबा, दुधाकडं बघत बस." होजीबा बघत बसला. दूध वर आलं, त्यानं बघितलं. उतू गेलं, बघितलं. चूल विझली, तेही बघितलं. मालकीण धावत आली, "अरे मेल्या, बघत काय बसलास!" होजीबा म्हणाला, "हो जी, तुम्हीच म्हणालात की." ड्रॉइंगच्या सरांनी त्यावर चित्र काढलं होतं. मोठ्या कानांचा, तोंड वासून बसलेला होजीबा आणि त्याच्या पायापर्यंत आलेलं दूध.

गंजगोलाईजवळच्या एका छापखान्यात पुस्तक छापून घेतलं. ते नव्या जिल्ह्याच्या शिक्षणखात्यातल्या एका साहेबांच्या हाती लागलं आणि त्यांना भलतंच आवडलं. जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांमधून ते वाचायला द्यायचं ठरलं. सुरुवात आमच्या शाळेतून. साहेब येणार, सर स्वतः दुधाची गोष्ट वाचणार. त्या दिवसांत सरांच्या कानावर पेन्सिल म्हणून टिकायची नाही. बोर्डिंगातून शिकलेल्या पोराचं नाव अख्ख्या जिल्ह्याच्या पोरांच्या तोंडी होणार होतं. मला म्हणाले, "बाई, आमच्या घरात आजवर कुणाचं नाव छापून आलं नव्हतं. आता बाचंही येईल."

कारण होजीबा म्हणजे त्यांचे वडील. हे काही गुपित नव्हतं. सर ते अभिमानानं सांगायचे. त्यांचे बा किशनबाबा, गावातल्या मोठ्या शेतकऱ्याकडं सालगडी होते. वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. रात्री पोरांना ते आपल्याच फजित्यांच्या गोष्टी सांगायचे, आणि सरांनी त्याच थोड्या सजवून लिहिल्या होत्या.

त्या साली भोकरकडच्या विहिरींनी तळ दाखवला, म्हणून सरांनी बांना लातूरला आणलं. म्हणजे आगीतून फुफाट्यात, पण इथं निदान टँकर तरी होता. म्हातारा लहानखुरा, डोक्याला पांढरा रुमाल, बसायचा तो भिंतीला धरून. सर शाळेत आले की तेही यायचे आणि दिवसभर लिंबाच्या सावलीत बसून पोरांचा खेळ बघायचे. मी एकदा जवळ जाऊन विचारलं, "बाबा, सरांचं पुस्तक ऐकलं का?"

"ऐकलं की बाई. म्याच सांगितल्यात त्या गोष्टी. भाकर कमी पडली का जास्त सांगाव्या लागायच्या. हासत हासत झोपायची लेकरं."

त्यांच्याही कानाच्या पाळ्या हलायच्या, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

साहेब यायच्या दोन दिवस आधीची गोष्ट. दुपारी टँकर आला. शाळेचा सिमेंटचा हौद होता, त्यात रबरी नळी सोडून ड्रायव्हर चहाला गेला. शिपायाला तासाची घंटा द्यायची होती. तो लिंबाखाली बसलेल्या किशनबाबांना म्हणाला, "बाबा, जरा पाण्याकडं बघा, मी आलोच."

किशनबाबा उठून हौदाशेजारी उभे राहिले, दोन्ही हात पाठीमागं बांधून. आमच्या खोल्यांमधून स्वागतगीताची तालीम चाललेली. पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत होती. हौद भरला. पाणी काठावरून वाहायला लागलं, धुळीतून मैदानात पसरलं. रस्त्यावरच्या बायका घागरी घेऊन धावत आल्या आणि त्यांच्या कालव्यानं आम्ही बाहेर आलो. त्या दुष्काळात पाण्याचा असा ओघळ मातीत चालला होता. आणि म्हातारा तसाच उभा. पाणी पायाखाली आलेलं, हात पाठीमागंच.

शिपायानं धावत जाऊन नळी ओढली. हेडमास्तर डाफरले, "अहो बाबा, बघत काय बसलात!"

झालं. हे वाक्य म्हणजे जशीच्या तशी सरांची गोष्ट. ड्रॉइंगचे सर ओरडले, "अरे, हा तर आपला होजीबा!" आणि आम्ही सगळे हसलो. पोरं हसली, शिपाई हसला, मी तर तोंडाला पदर लावून हसले. सरांची पेन्सिल पडली. ते बांजवळ गेले आणि होजीबाच्या सुरात म्हणाले, "काय बा, 'तुम्हीच म्हणालात की'?"

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. हेडमास्तर आत जाईपर्यंत ते थांबले. मग हळू आवाजात म्हणाले, "शिपायाला दोनदा हाक मारली म्या. गाण्यात ऐकू गेली न्हाई."

"मग नळी काढायची ना बाहेर."

"कशी काढू? मास्तरलोकांचं प्याचं पाणी हाय. म्या हात लावल्यावर कुणी काय म्हणालं तर? तुझी नोकरी हाय इथं."

मी तिथंच, हाताच्या अंतरावर उभी होते. माझं हसू तोंडातच राहिलं. पोरं ओल्या मातीत नाचत होती. सरांनी विचारलं, "बा, आणि ते दूध?"

"ते बी तसंच की. अंगणातल्या चुलीवर व्हतं. कुत्रं येऊ नये म्हून मला बसवलं. म्या शिवलं असतं तर सगळंच टाकून द्यावं लागलं असतं त्यायला. हाक मारली, तर घरात जातं चालू." म्हाताऱ्यानं लेकाकडं नीट बघितलं. "तुला म्हायीत नव्हतं?"

सरांनी नाही म्हणून मान हलवली.

"मला वाटलं, म्हायीत असंल," किशनबाबा म्हणाले. "म्हायीत असून तसं लिव्हलं असशील."

यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. सरांचा चेहरा मात्र असा झाला की मला तिथं उभं राहवेना. मी वर्गात निघून आले आणि पोरांना उगाच शुद्धलेखन घातलं.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर सर स्टाफरूममध्ये एकटेच बसले होते. मी जायला निघाले तर म्हणाले, "बाई, दुसऱ्या कुणाला कळलं नसतं तर चाललं असतं. मला कळायला पाहिजे होतं. गावात मी काय पाहिलं नाही? हॉटेलाबाहेरची वेगळी कपबशी पाहिली, विहिरीवर लांब उभी राहिलेली माय पाहिली. तेवढी एक गोष्ट मात्र पाच वर्षांचा होऊन ऐकत राहिलो." मग म्हणाले, "आणि चौथीत आमच्याही वस्तीतली पोरं आहेत. शेवटच्या बाकावर. ती हसेपर्यंत मी वाक्यं खोडत बसलो."

माझ्या माहेरीही अंगणात दूध तापायचं. चुलीपासून थोडं लांब कुणीतरी उकिडवं बसलेलं असायचं. रोजचं ते दृश्य, पण त्या माणसाचं नाव मला आठवेना. तेव्हाही माहीत नव्हतं बहुतेक. मी साय मागायला जायची, त्याला ओलांडून. इतकी शरम मला आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी हेडमास्तरांना सांगितलं, पुस्तक मागं घ्यायचंय. हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला. "सोनकांबळे, नव्या जिल्ह्याचा पहिला कार्यक्रम आहे. साहेब स्वतः येतायत. आता तुमची चेष्टा पुरे." त्यांना ती चेष्टाच वाटली. आजवर त्या माणसानं सरळ असं काही सांगितलंच नव्हतं ना.

शेवटी सरांनी मनाशी ठरवलं, दुधाची गोष्ट वाचायची नाही, भाजीची वाचायची. मला तसं सांगूनही गेले.

कार्यक्रम मैदानातच झाला, मांडव घालून. पहिल्या रांगेत साहेबांच्या बाजूला किशनबाबांना बसवलं होतं, कारण हेडमास्तरांना 'खरा होजीबा' सगळ्यांना दाखवायचा होता. त्यांनी ते माईकवरून सांगितलंही. पोरांनी माना उंच करून म्हाताऱ्याला पाहिलं. किशनबाबांनी उठून सगळ्यांना हात जोडले.

सर उभे राहिले. पुस्तक उघडून म्हणाले, "मी भाजीची गोष्ट वाचतो." मागून एक पोरगं ओरडलं, "दुधाची!" लगेच सगळा मांडव, "दुधाची, दुधाची." साहेब हसत म्हणाले, "मुलांची फर्माईश आहे, वाचा की." सरांनी बांकडं बघितलं. म्हाताऱ्यानं मान हलवली. वाच.

सरांनी वाचायला सुरुवात केली. आवाज चांगला, पण आज सपाट, हजेरी घ्यावी तसा. तरी पोरं हसतच होती. दूध वर आलं, हशा. उतू गेलं, आणखी हशा. "चूल विझली, तेही बघितलं," इथवर आले आणि थांबले. कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही, कारण पुढचं सगळं पोरांनीच म्हटलं. शेकडो पोरं एका तालात, "हो जी, तुम्हीच म्हणालात की!" पत्र्यांवरची कबुतरं उडाली. साहेबांनी डोळे पुसले, इतके हसले. आणि किशनबाबाही हसत होते. स्टेजकडं पाठ करून, पोरांकडं तोंड करून, बोळक्या तोंडानं मनापासून. पोरं हसतात हेच त्यांना बघायचं होतं.

सर पुस्तक छातीशी धरून उभेच राहिले. ते पुस्तक आता त्यांचं राहिलं नव्हतं. पुढं कितीतरी वर्षं ते शाळाशाळांतून वाचलं गेलं. सरांनी मात्र त्यानंतर पोरांसाठी एक ओळ लिहिली नाही आणि आमच्या शाळेत परत न येता नोकरीच बदलून गावाकडच्या शाळेत गेले. माझी त्यांची पुन्हा भेट झाली नाही. ते सामान न्यायला आले तेव्हा मी माहेरी होते. म्हणून शेवटचं पाहिलं ते कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी, बसस्टँडवर.

किशनबाबा परत निघाले होते. सर राहा म्हणत होते, पण म्हाताऱ्याचं एकच, "माझ्यामुळं तुमच्यात दोन घागरी जादा लागून राहिल्यात." मी रजा टाकून औशाच्या गाडीसाठी आले होते, तर नांदेडच्या गाडीपाशी हे दोघं दिसले. म्हातारा गाडीत बसलेला, शेजारची जागा रिकामी, सर दोन बाकांच्या मधल्या वाटेत उभे. मी खिडकीजवळ गेले, नमस्कार केला. "येतो बाई," किशनबाबा म्हणाले. सरांनी माझ्याकडं बघितलं की नाही कोण जाणे. ते बांना विचारत होते, "बा, दूध उतू गेल्यावर पुढं काय झालं?"

"पुढं काय? गोष्ट तिथंच सरती."

"गोष्ट नाही विचारत. मालकीण आल्यावर काय झालं तुम्हाला?"

कंडक्टर तिकिटं फाडत पुढं सरकला.

"सांगा ना बा."

"ते लेकरांला सांगत नसतेत."

"मी चाळिशीला आलो, बा."

"असशील," किशनबाबा म्हणाले. "बस जरा. गाडी सुटायला येळ हाय."

सर बसले. त्या सकाळी त्यांची शाळा होती, चौथीचा पहिला तास. गाडी सुरू झाली, कंडक्टरनं घंटी दिली, तरी ते उठले नाहीत. मी खिडकीवर हात आपटला, "सर, गाडी सुटली, उतरा." त्यांनी मान वर केली नाही. बांनीच माझ्याकडं बघून हातानं खूण केली, असू दे म्हणून.

गाडी वळण घ्यायला लागली तेव्हा म्हातारा जागेवरून उठला. बसच्या हेलकाव्यात एका हातानं दांडी धरून त्यानं लेकाला खांद्याला धरून आत सरकवलं, खिडकीपाशी बसवलं आणि आपण कडेला बसला. लहान पोराला गाडी लागते तेव्हा बसवतात तसं.